गेमिंगच्या संगणकाला रॅम किती लागते?

सुट्टीत घरी गेल्यावर आपल्यापैकी अनेकांचा घरच्यांशी एक वाद हमखास होतो, आणि तो संगणकावरून होतो. डिसेंबरच्या सुट्टीत माझाही झाला. आमचे घर सध्या चेन्नईजवळ आवडी येथे आहे. (गावाचे नाव खरेच आवडी आहे.) घरच्या संगणकावर 'फोर्झा होरायझन ५' हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम सुरू केला की वळणावर गाडी क्षणभर गोठायची आणि पुढच्या क्षणी भिंतीत असायची. संगणकात ८ जीबी रॅम होती. मी जाहीर केले, "बाबा, ३२ जीबी लागेल."

बाबांनी एवढेच विचारले, "३२ च का? २० का नको, ५० का नको?" माझ्याकडे उत्तर नव्हते. शिवाय त्याच पैशांत ताईच्या कॉलेजसाठी प्रिंटर घ्यायचा होता. मी ३२ जीबी घेतली असती तर प्रिंटर पुढे ढकलावा लागला असता.

आधी रॅम म्हणजे काय ते पाहू. किट तपासणीचा दिवस आठवा. ट्रंकेत सगळे सामान असते, पण उस्तादांना दाखवायचे ते पलंगावर मांडावे लागते. ट्रंक म्हणजे संगणकाची हार्ड डिस्क किंवा एसएसडी, आणि पलंग म्हणजे रॅम. प्रोसेसर फक्त पलंगावरचे सामान हाताळतो. पलंग अर्धाच असेल तर बेल्ट दाखवायला बूट उचलून ट्रंकेत टाकायचे आणि बूट मागितले की पुन्हा उपसायचे. ही जी उपसाउपशी, तीच गेममध्ये अडखळण म्हणून दिसते. रॅममधील माहिती हाती यायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात, हार्ड डिस्कवरून यायला सुमारे १० मिलिसेकंद, म्हणजे लाखपट. एसएसडी त्याहून पुष्कळ वेगवान असते, तरी रॅमच्या शेकडो पट मागेच. पण पलंग पुरेसा असेल, तर तो आणखी दुप्पट केल्याने तपासणी लवकर संपत नाही. माझा गैरसमज नेमका इथे होता.

चेन्नईत संगणकाचे सुटे भाग घ्यायचे म्हणजे रिची स्ट्रीट. अण्णा सालैला लागून असलेल्या या गल्ल्यांत केबलच्या भेंडोळ्यांपासून मदरबोर्डपर्यंत सगळे मिळते. लोकलने सेंट्रल आणि तिथून रिक्षा करून आम्ही पोचलो. मी ऐटीत डीडीआर ५ रॅम मागितली, कारण ती नवी. दुकानदाराने डबा न उघडताच विचारले, "एन्न बोर्ड, तंबी?" म्हणजे मदरबोर्ड कोणता? तेही मला माहीत नव्हते. त्यांनी डीडीआर ४ आणि डीडीआर ५ च्या पट्ट्या शेजारी धरून दाखवल्या. दोन्हींतली खाच वेगळ्या जागी असते. एकीच्या जागी दुसरी बसतच नाही. आम्ही रिकाम्या हाताने परतलो. परतीच्या लोकलमध्ये बाबा काही बोलले नाहीत, ते जास्त लागले.

घरी येऊन मी जे आधी करायला हवे होते ते केले. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्स आणि मग मेमरी. आमच्याकडे दोन खाचांपैकी एकीतच पट्टी होती, प्रकार डीडीआर ४. वापरायला मिळत होती ७.४ जीबी. उरलेली कुठे गेली? आमच्या संगणकात रायझन ५ ५६००जी हा प्रोसेसर आहे आणि वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही. अशा वेळी चित्र काढण्याचे कामही साध्या रॅममधूनच जागा उसनी घेऊन चालते. त्यात विंडोज सुरू होताच जवळपास तीन जीबी व्यापत होती. गेम आणि मागे ब्राउझर उघडा ठेवला की आकडा ७ च्या वर जायचा आणि डिस्कचा आलेख थेट शंभराला टेकायचा. हा खरा पुरावा. मेमरी भरलेली आणि त्याच वेळी डिस्क धावतेय, तर रॅम कमी आहे. मेमरी अर्धी रिकामी असूनही गेम संथ असेल, तर दोष दुसरीकडे शोधावा.

मित्राच्या संगणकावर तोच गेम जास्त रॅम वापरताना दिसला तर लगेच घाबरू नका. जागा मोकळी असली की विंडोज आणि गेम दोघेही हातपाय पसरतात.

गेमच्या कंपन्या काय सांगतात? 'फोर्झा होरायझन ५' ला किमान ८ आणि शिफारस १६ जीबी. 'काउंटर-स्ट्राइक २' ला ८. आपल्यापैकी हवाई दलाची स्वप्ने पाहणाऱ्यांचा 'मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर' २०२० च्या आवृत्तीत किमान ८ मागत होता, २०२४ च्या आवृत्तीत तो किमान १६ आणि शिफारस ३२ मागतो. म्हणजे आज बहुतेकांना १६ पुरते. ३२ हवी ती अशा मोठ्या गेमसाठी, किंवा गेमबरोबर व्हिडिओ संपादनही करणाऱ्यांना.

आता पट्ट्यांची संख्या, जिच्याकडे कोणी पाहत नाही. डीडीआर ४-३२०० म्हणजे सेकंदाला ३२०० दशलक्ष वेळा माहितीची ने-आण, दर वेळी ८ बाइट. गुणाकार करा: सेकंदाला २५.६ जीबी. दोन पट्ट्या योग्य खाचांत असतील तर दोन रस्ते उघडतात आणि मर्यादा ५१.२ होते. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेल्या संगणकाला हा फरक फार जाणवतो. म्हणून १६ ची एक पट्टी घेण्यापेक्षा ८ च्या दोन बऱ्या. पट्टीवर ३२०० लिहिलेले असून टास्क मॅनेजर २६६६ दाखवत असेल, तर बायोसमध्ये एक्सएमपी नावाची सोय चालू करावी लागते. लॅपटॉप घेणाऱ्या पालकांनी मात्र आधीच विचारावे, कारण काही लॅपटॉपची रॅम बोर्डावरच जोडलेली असते आणि नंतर वाढवता येत नाही.

'पुढे लागेल म्हणून आत्ताच जास्त घेऊन ठेवा' हा सल्ला एरवी वाईट नाही. पण २०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांची मागणी इतकी वाढली की मेमरीचे भाव जगभर चढले. डिसेंबरमध्ये तर मायक्रॉन कंपनीने सामान्य ग्राहकांसाठीचा आपला 'क्रुशियल' ब्रँड बंद करत असल्याचे जाहीर केले. अशा वेळी न वापरली जाणारी प्रत्येक जीबी महागात पडते.

दुसऱ्या फेरीला मी वहीत बोर्डाचे नाव, रॅमचा प्रकार, वेग आणि रिकाम्या खाचा लिहून नेल्या. दुकानदाराने वही पाहिली आणि काही न विचारता जुन्या पट्टीला जुळणारी ८ जीबीची एकच पट्टी काढून दिली. आता तोच गेम, तोच ब्राउझर, आणि आकडा ९ ते १० च्या मध्ये राहतो. फ्रेम सेकंदाला ३० च्या आसपास असायच्या, त्या ४० च्या वर गेल्या. गाडी भिंतीत अजूनही जाते, पण आता चूक माझी असते.

ताईचा प्रिंटर त्याच आठवड्यात आला. २०२४ चा फ्लाइट सिम्युलेटर मात्र आमच्या संगणकावर चालायचा नाही. रॅमची किमान अट पूर्ण झाली आहे, पण तो वेगळे ग्राफिक्स कार्ड मागतो. ते मी बाबांना अजून सांगितलेले नाही.