ब्रेक दाबल्यावर वेग जातो कोठे?

शेगावहून खामगावकडे एक मोटार निघाली आहे. तिचे वजन १,५०० किलोग्रॅम, वेग ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर. वस्तुमानाला वेगाच्या वर्गाने गुणा व २ ने भागा. गतिज ऊर्जा आली ३,००,००० ज्यूल. विजेच्या एका युनिटचा बारावा हिस्सा! इतक्यात पुढे म्हैस आडवी आली. मोटार थांबली, मग ही ऊर्जा गेली कोठे?

पेट्रोलच्या मोटारीत तिने ब्रेक तापवले, बस्स. विजेच्या मोटारीत मात्र चाकेच विद्युत मोटरला फिरवतात. मोटर जनित्र बनते व बॅटरी भरू लागते. सगळी ऊर्जा परत येत नाही. थोडी उष्णतेत जातेच. शिवाय कचकन थांबायचे तर नेहमीचे ब्रेकही लागतात. म्हणून म्हैस दुरूनच हेरून वेग हळूहळू उतरवणारा चालक खरा हुशार! आगगाडीची आधुनिक विद्युत इंजिनेही थांबताना अशीच वीज वरच्या तारेत परत पाठवतात.

११ फेब्रुवारी २०२३ रोजी हैदराबादेत विजेच्या मोटारींची ‘फॉर्म्युला ई’ शर्यत झाली. आयोजकांच्या म्हणण्याप्रमाणे या मोटारी शर्यतीत वापरलेल्या ऊर्जेपैकी सुमारे ४० टक्के ऊर्जा वेग कमी करतानाच मिळवतात. इंजिनाच्या गर्जनेवाचून शर्यत आळणी लागते, असे काही शौकीन म्हणतात. आम्हांला तर ब्रेक दाबून वीज कमावण्याची ही चढाओढच अधिक चुरशीची वाटते.

आता आपल्या मोटारीचा वेग ताशी ३६ किलोमीटर धरा. ऊर्जा निम्मी होईल का? गणित करून पाहा.