सेटिंग आपोआप कशी सापडते?

मुलांनो, नवीन फोनवर ई-मेल सुरू करताना तुम्ही फक्त आपला पत्ता आणि पासवर्ड लिहिता. क्षणभरात टपाल येऊ लागते. पण तुमची टपालपेटी कोणत्या सर्व्हरवर आहे, हे फोनला कोणी सांगितले?

पूर्वी ही माहिती हाताने भरावी लागे. सर्व्हरचे नाव लिहायचे, पोर्टचा क्रमांक लिहायचा. ९९३ च्या जागी ९३९ लिहिले की टपाल बंद! अशा एका आकड्यापायी मी एकदा अख्खी दुपार घालवली आहे.

आता हा शोध प्रोग्रॅम घेतो. पत्त्यातील 'ॲट' या चिन्हापुढच्या नावाला डोमेन म्हणतात. थंडरबर्ड हा प्रोग्रॅम त्या डोमेनकडे 'ऑटोकॉन्फिग' या नावाने माहितीची फाइल मागतो. ती मिळाली नाही, तर मोझिलाच्या यादीत पाहतो. तेथेही नसेल, तर 'आयमॅप', 'मेल' अशी नेहमीची नावे डोमेनला जोडून अंदाज करतो. मायक्रोसॉफ्टने एक्सचेंज २००७ मध्ये 'ऑटोडिस्कव्हर' नावाची अशीच सोय आणली.

समजा, तुम्ही धाकट्या भावाला घराची किल्ली देऊन चाचांकडे पाठवले. घर सापडले नाही, तर त्याने परत यावे. पण गल्लीत 'चाचा' म्हणवणाऱ्या पहिल्याच माणसाला त्याने किल्ली दिली, तर? काही प्रोग्रॅमांनी नेमके हेच केले. संस्थेच्या डोमेनवर उत्तर मिळाले नाही, तेव्हा त्यांनी संस्थेचे नावच गाळले आणि 'ऑटोडिस्कव्हर डॉट' या शब्दांपुढे केवळ देशाचे किंवा प्रकाराचे शेपूट उरलेल्या पत्त्यावर विचारणा केली. असा पत्ता त्या संस्थेचा नसतो. जो पैसे भरून घेईल त्याचा असतो!

२०२१ मध्ये गार्डिकोर कंपनीच्या संशोधकांनी असे काही पत्ते विकत घेतले आणि कोण येते ते पाहिले. एप्रिल ते ऑगस्ट या काळात त्यांच्याकडे नाव-पासवर्डाच्या ३,७२,०७२ नोंदी जमा झाल्या. प्रोग्रॅमांनी त्या देऊन टाकल्या होत्या. आपण कोणाच्या दारात उभे आहोत, हे त्यांनी पाहिलेच नाही.

हा धोका कोणाला सुचला नव्हता असे मात्र नाही. सर्व्हर शोधण्याच्या दुसऱ्या एका पद्धतीसाठी २०११ मध्ये नियम लिहिले गेले. सापडलेला सर्व्हर वेगळ्याच डोमेनचा असेल, तर जोडण्याआधी माणसाला विचारावे, असे त्यांत सांगितले आहे. तुमच्या फोनने असा प्रश्न विचारला, तर 'होय' दाबण्यापूर्वी सर्व्हरचे नाव वाचा. ते अनोळखी वाटले, तर ज्यांनी ई-मेल दिला त्यांना आधी विचारा.