फरक पडत नाही, म्हणून औषध सोडू नका

बदलापूरच्या मांजर्लीहून एका ताईंनी विचारलं आहे. वय 29, नोकरी मुंबईत. दोन वर्षांपूर्वी एक डोळा धूसर झाला आणि काही दिवसांत आपोआप निवळला. यंदा कमरेखाली मुंग्या आल्या, एमआरआय झाला आणि मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, असं निदान झालं. ‘आता मी ठणठणीत आहे, मग जन्माचं औषध मागे कशाला लावून घेऊ?’

ताई, ठणठणीत आहात तोवरच सुरू करा. या आजारात आपलीच प्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवरचं मायलिनचं आवरण कुरतडते. वरून सगळं शांत असतानाही एमआरआयवर नवे डाग दिसू शकतात. सलाईनमधून तीन ते पाच दिवस मिळणारं स्टेरॉइड आलेला झटका लवकर आवरतं, पुढचा अडवत नाही. पुढच्यांसाठीची औषधं वेगळी. 1993 साली अमेरिकेत इंटरफेरॉनच्या इंजेक्शनला मान्यता मिळाली. आता गोळ्या आहेत, सहा महिन्यांनी एकदा घ्यायचं सलाईनही आहे. जुन्या मुंग्या मात्र यातलं कुठलंच औषध घालवत नाही. लोक चार महिने गोळ्या घेतात आणि ‘काही फरक नाही’ म्हणून बंद करतात. न आलेला झटका दिसणार कुठून? फिंगोलिमोडसारखी गोळी मनाने सोडली तर आजार उसळूही शकतो.

सुरू करण्याआधी दोन-तीन गोष्टी न्यूरॉलॉजिस्टना स्पष्ट विचारा. एनएमओ हा एमएससारखाच दिसणारा आजार आहे, पण एमएसची काही औषधं त्यात अपाय करतात; म्हणून गरजेप्रमाणे अ‍ॅक्वापोरिन-4 ही रक्ततपासणी होते. टीबी, हिपॅटायटिस बी आणि कांजिण्यांची चौकशी झाली का, तेही पाहा. मूल हवं असेल तर पहिल्याच भेटीत सांगा. एमएस असताना मूल होऊ शकतं, पण टेरिफ्लुनोमाइड गरोदरपणात चालत नाही. लग्न जमायचंय म्हणून मुलीची फाइल लपवणाऱ्या आयांची काळजी मला कळते, पण औषध निवडताना ही लपवाछपवी महागात पडते.

आणि प्रतिकारशक्ती ‘वाढवणारे’ काढे नकोत. इथे ती आधीच नको तिथे जोर दाखवते आहे. गुळवेल घेणाऱ्यांमध्ये यकृताला सूज आल्याची नोंद मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाला ती मान्य नव्हती. पण एमएसची बरीच औषधं यकृतावर ताण देतात, त्यामुळे मी तरी गुळवेल बंदच करायला सांगेन.

आता आपल्या भागातली खरी अडचण, उन्हाळा. बदलापुरात पारा 42 पर्यंत जातो. दुपारच्या गाडीतून उतरून पूल चढताना पाय ओढल्यासारखा होतो, डोळ्यापुढे धूसर येतं आणि घरचे घाबरून थेट स्टेरॉइडची चौकशी करतात. जर्मन नेत्रतज्ज्ञ उटहॉफ यांनी 1890 मध्येच हे नोंदवून ठेवलंय. आवरण विरळ झालेल्या तंतूला शरीराचं तापमान अर्ध्या अंशाने वाढलं तरी संदेश नेणं जड जातं. सावलीत बसा, मानेवर ओला टॉवेल ठेवा, गार पाणी प्या. बहुतेकदा तासाभरात उतरतं. हा नवा झटका नव्हे. ताप किंवा संसर्ग नसताना नवा त्रास 24 तासांहून जास्त टिकला, तर मात्र फोन करा.

ताप आला तरी असंच होतं, आणि त्यामागे पुष्कळदा लघवीचा संसर्ग निघतो. सीएसएमटीपर्यंतच्या दीड तासात लोकलमध्ये शौचालय नाही, म्हणून बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत. एमएसमध्ये बऱ्याचदा मूत्राशय आधीच पुरतं रिकामं होत नसतं. पाणी तोडू नका. निघण्यापूर्वी एकदा जाऊन या, पाच मिनिटांनी पुन्हा जा. तरीही जळजळ वाटली तर लघवी तपासून घ्या.

खर्चाचं आणि मदतीचं विचारायला मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही 1985 मध्ये स्थापन झालेली संस्था आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातही एमएसचा नावानिशी उल्लेख आहे. दिव्यांगांसाठीच्या यूडीआयडी कार्डाची आज गरज नसेल, तरी सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून ठेवा. डोळ्याच्या डॉक्टरांची जुनी चिठ्ठीसुद्धा.