बालकांच्या आहारातील आवश्यक मेदाम्ले

बालकांच्या पोषणाचा विचार करताना प्रथिने व जीवनसत्त्वे यांचा उल्लेख आवर्जून होतो. तेलातुपाकडे मात्र केवळ उष्मांक देणारा पदार्थ म्हणूनच पाहिले जाते. ही समजूत अपुरी असल्याचे १९२९-३० मध्येच दिसून आले. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात जॉर्ज व मिल्ड्रेड बर या दांपत्याने उंदरांना स्निग्धांशरहित आहार दिला. त्यांची वाढ खुंटली, शेपटीच्या कातडीवर खवले धरले. लिनोलेइक आम्ल मिळताच ही लक्षणे ओसरली. शरीराला हे आम्ल स्वतः तयार करता येत नाही. म्हणूनच ते ‘आवश्यक’.

मानवी बालकांविषयीचा पुरावा आरिल्ड हॅन्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी टेक्सासमध्ये मिळविला. साय काढलेल्या दुधावर वाढणाऱ्या तान्ह्या मुलांची त्वचा कोरडी पडून सोलवटू लागली. एकूण उष्मांकांपैकी सुमारे एक टक्का भाग लिनोलेइक आम्लातून मिळाल्यावर ती पूर्ववत झाली.

या उणिवेची साक्ष रक्तही देते. लिनोलेइक आम्लापासून शरीर चार द्विबंध असलेले ॲराकिडोनिक आम्ल बनवते. कच्चा माल न मिळाल्यास ओलेइक आम्लापासून तीन द्विबंधांचे दुसरेच आम्ल तयार होऊ लागते. या दोहोंचे गुणोत्तर ०.४ च्या वर गेल्यास उणीव समजावी, असे राल्फ होलमन यांनी १९६० मध्ये सुचविले. अर्थात, अशी तपासणी गावपातळीवर शक्य नाही आणि त्वचा सोलवटण्याची इतरही कारणे असतात. तेव्हा लक्ष ताटाकडेच द्यावयास हवे.

पातळ वरण व कोरडी भाकरी एवढ्यावर लहान मुलाचे पोट भरते, गरज भागत नाही. त्यावर चमचाभर तेल घालणे ही चैन नव्हे. करडईचे तेल लिनोलेइक आम्लाने समृद्ध असते, शेंगदाण्याच्या तेलातही ते पुरेसे असते. खोबरेल तेलात मात्र अत्यल्प. दोन वर्षांखालील बालकास साय काढलेले दूध मुख्य आहार म्हणून देऊ नये. आईच्या दुधात ही मेदाम्ले असतात व त्यांचे प्रमाण तिच्या आहारावर अवलंबून असते.

दुसरे आवश्यक मेदाम्ल अल्फा-लिनोलेनिक. मेंदू व दृष्टिपटल यांना लागणारे मेदाम्ल शरीर त्यापासून काही प्रमाणात बनवते. करडई व शेंगदाणा यांत ते जवळजवळ नसतेच, जवसात मात्र विपुल असते. विदर्भ-मराठवाड्यातील जवसाची चटणी या दृष्टीने मोलाची आहे. लहान मुलासाठी ती बिनतिखट करून वरणभातात कालवावी. जवसाचे तेल हवेने लवकर खवट होते. त्यामुळे ते तळणासाठी वापरू नये व चटणी थोडी थोडीच कुटावी.