सिंगापुरांतील मोटारीचा हिशेब

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमच्या एका माजी विद्यार्थ्याचे वडील आमच्याकडे आले. मुलगा सिंगापुरास नोकरीस आहे. त्याला तेथें मोटार घ्यावयाची असून, आरंभीं भरावयाच्या रकमेकरितां गांवाकडील दोन एकर जमीन विकण्याचा आपला विचार आहे, असें त्यांनीं सांगितलें. "गुरुजी, मोटारीची किंमत ती अशी किती असणार!" असें ते म्हणाले. बुरूज बांधूं पाहणाऱ्याचा दृष्टांत आमच्या विद्यार्थ्यांस पाठ आहेच. आम्ही कागद घेऊन बसलों. तोच हिशेब पुढें नववीच्या वर्गांत फळ्यावर केला, तो येथें देत आहों.

सिंगापूरचें क्षेत्रफळ सुमारें ७३० चौरस किलोमीटर, आणि त्यांतील सुमारें बारा टक्के जमीन रस्त्यांनींच व्यापिली आहे. म्हणून १९९० सालापासून तेथील सरकारनें असा नियम केला कीं, मोटार रस्त्यावर आणण्याचा हक्क आधीं लिलांवांत विकत घ्यावा. या हक्काच्या दाखल्याची मुदत दहा वर्षें. लिलांव महिन्यांतून दोनदां होतो, व त्याची रीत मोठी मौजेची आहे. ज्या बोलींस दाखला मिळाला नाहीं, त्यांतील सर्वांत मोठी बोली अधिक एक डॉलर, हा भाव सर्व यशस्वी लोकांस सारखाच लागतो. ऑक्टोबर २०२३ मध्यें मोठ्या मोटारींच्या वर्गांत हा भाव १,५०,००१ डॉलरांवर गेला; शेवटचा एक कोठून आला, हें आतां वाचकांच्या ध्यानांत येईल. उलट नोव्हेंबर २००८ मध्यें, जगभर मंदी असतां, लहान मोटारींचा दाखला अवघ्या २ डॉलरांस मिळाला होता!

आतां उदाहरण घेऊं. बंदरास पोंचेपर्यंत मोटारीची किंमत २५,००० डॉलर व दाखला १,००,००० डॉलर धरूं. किंमतीवर वीस टक्के जकात, म्हणजे ५,०००. या दोहोंच्या बेरजेवर नऊ टक्के विक्रीकर, म्हणजे २,७००. शिवाय नोंदणीचा एक वेगळा कर आहे. तो २०२३ सालीं ठरलेल्या दरानें पहिल्या वीस हजारांवर शंभर टक्के व पुढील वीस हजारांवर एकशें चाळीस टक्के, म्हणजे येथें २७,००० डॉलर. एकूण १,५९,७००. व्यापाऱ्याचा नफा निराळाच. म्हणजे मूळ वस्तु पंचवीस हजारांची, आणि तिच्या पांचपटींहून अधिक रक्कम ती चालविण्याच्या परवानगीची! दहा वर्षांनीं दाखला संपतो. मग मोटार मोडींत काढावी, परदेशीं पाठवावी, किंवा पुन्हां पैसे भरावे. दहा वर्षांच्या आंत ती काढून टाकल्यास कांहीं अंश परत मिळतो. पण त्याचे नियम बदलत असतात, म्हणून तो आम्हीं हिशेबांत धरला नाहीं. तेव्हां नुसती मोटार बाळगण्यास वर्षाला सुमारें सोळा हजार डॉलर पडले.

रस्त्यावरील कर, विमा व पेट्रोल यांचा खर्च यांत नाहीं. गाडी उभी करण्यासही दरमहा भाडें लागतें. १९९८ सालापासून गर्दीच्या रस्त्यांवर वेळेप्रमाणें बदलणारा कर यंत्रच कापून घेतें. पलीकडे मलेशियांत पेट्रोल स्वस्त आहे. परंतु टांकी तीन-चतुर्थांश भरलेली असल्यावांचून तेथील मोटारीस सीमा ओलांडतां येत नाहीं. म्हणजे ती वाटही बंद केलेली आहे!

कर्जाचा नियम सर्वांत कडक. वरील किंमतीच्या मोटारीस साठ टक्क्यांहून अधिक कर्ज मिळत नाहीं, व तेंही सात वर्षांत फेडावें लागतें. राहिलेले चाळीस टक्के, म्हणजे सुमारें चौसष्ट हजार डॉलर, घरचे. डॉलर साठच रुपयांचा धरला (तो हल्लीं त्याहून महाग आहे), तरी अडतीस लाख रुपये झाले.

गृहस्थ बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले. मग त्यांनीं विचारलें, "तेथें आगगाडी आहे ना?" १९८७ सालापासून आहे, व आतां ती बहुतेक साऱ्या शहरांत जाते, असें आम्हीं सांगितलें. त्यांनीं आमच्यासमोरच मुलास फोन केला. स्टेशन त्याच्या घरापासून आठ मिनिटांच्या वाटेवर निघालें.

जमीन अद्याप विकलेली नाहीं. पावसांत दोन लहान मुलांना घेऊन निघणें फार जड जातें, असें मात्र मुलगा अजून कळवितो.