थेट प्रक्षेपण किती वाजता करावे?

२३ ऑगस्ट २०२३ रोजी सायंकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी चांद्रयान-३ चंद्रावर उतरले. इंटरनेटवरून ते दृश्य जगभर थेट दाखवले गेले. त्या वेळी न्यूयॉर्कमध्ये सकाळचे साडेआठ वाजून गेले होते, तर सिडनीत रात्रीचे साडेदहा. ही वेळ प्रेक्षकांच्या सोयीने ठरलेली नव्हती. यान सौरऊर्जेवर चालणारे होते; म्हणून उतरण्याच्या जागी सूर्य नुकताच उगवलेला असताना ते उतरवणे आवश्यक होते.

पण वेळ ठरवणे आपल्या हाती असेल तर? समजा, तुमच्या शाळेच्या विज्ञान मंडळाला तासभर प्रयोग थेट दाखवायचे आहेत. लंडन, न्यूयॉर्क आणि सिडनी येथील मराठी मुलेही ते पाहणार आहेत. मुद्रित कार्यक्रम नंतर केव्हाही पाहता येतो. मात्र मनात आलेली शंका त्याच क्षणी विचारता येत नाही. म्हणून वेळ नीट निवडली पाहिजे.

पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावरची आहे. ८२.५ भागिले १५ म्हणजे ५.५. म्हणून आपण ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे असतो.

आता एक अट घालू : कोणत्याही मुलाला सकाळी ७ च्या आधी उठावे लागू नये आणि रात्री १० नंतर जागावे लागू नये. प्रत्येक शहराच्या या वेळा भारतीय वेळेत मांडा.

जानेवारीत न्यूयॉर्क आपल्या साडेदहा तास मागे असते. तिथे सकाळचे ७ वाजतात, तेव्हा आपल्याकडे सायंकाळचे साडेपाच झालेले असतात. सिडनी साडेपाच तास पुढे. तिथे रात्रीचे १० वाजतात तेव्हा आपले साडेचारच. म्हणजे न्यूयॉर्कची मुले उठण्यापूर्वी तासभर आधीच सिडनीची मुले झोपली! सर्वांना चालेल अशी वेळच नाही.

जुलैत काय होते पाहा. न्यूयॉर्कमध्ये उन्हाळ्यासाठी घड्याळ एक तास पुढे केलेले असते. ७ वाजतात तेव्हा आपले साडेचार. दक्षिण गोलार्धातल्या सिडनीत तेव्हा हिवाळा, म्हणून तिथले घड्याळ उन्हाळ्यापेक्षा एक तास मागे. रात्रीचे १० म्हणजे आपले साडेपाच. साडेचार ते साडेपाच, बरोबर एक तास मिळाला! लंडनमध्ये तेव्हा दुपारचे १२ ते १. दोन्ही घड्याळे विरुद्ध दिशांनी एकेक तास सरकली आणि दोन तासांचा फरक पडला.

म्हणून प्रक्षेपणाची वेळ जाहीर करताना तारीख आधी पाहावी. जानेवारीत मात्र दोन वेळा कार्यक्रम करणे हेच न्यायाचे. मधली वेळ काढल्यास दोन्हीकडची मुले पेंगतील.

आता तुम्ही करून पाहा : मॉरिशस वर्षभर ग्रिनिचच्या ४ तास पुढे असते. जुलैतला हा कार्यक्रम तिथे किती वाजता दिसेल? आणि जुलैत ग्रिनिचच्या ७ तास मागे असलेले सॅन फ्रान्सिस्को यादीत घेतले, तर आपला तास टिकेल का?