सामना संपेपर्यंत

चि. भाच्यास, मुक्काम लाखनी, जिल्हा भंडारा, अनेक आशीर्वाद.

पत्रास कारण की, नववीतल्या मुलाचा ऑनलाइन खेळ आणि त्यावरून घरात रोज उडणारे खटके यांबद्दल चिरंजीवाने जे विचारले, त्याचे उत्तर फोनवर दोन वाक्यांत देण्याजोगे नव्हते.

‘व्यसन’ हा शब्द घरात वापरला जात असल्यास तो आधी बाजूला ठेवावा. जागतिक आरोग्य संघटनेने रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत, जी 2019 मध्ये स्वीकारली गेली आणि 1 जानेवारी 2022 पासून लागू झाली, ‘गेमिंग डिसऑर्डर’ म्हणजे खेळविकार अशी स्वतंत्र नोंद केली असून तिच्या तीन खुणा दिल्या आहेत: खेळ कधी सुरू करावा आणि कधी थांबवावा यावरचा ताबा सुटणे, झोप, अभ्यास, सोबती या सर्वांच्या आधी खेळ येणे, आणि नुकसान दिसत असूनही तो वाढतच जाणे. ही स्थिती साधारणपणे बारा महिने टिकली आणि तिच्यामुळे घर व शाळेतले वागणे ठळकपणे बिघडले, तरच तिला विकार म्हणतात. दिवाळीच्या सुटीत आठवडाभर रात्री जागून खेळलेला मुलगा या व्याख्येत बसत नाही, आणि पाहुण्यांसमोर त्याला ‘मोबाइलवेडा’ म्हणून हिणवल्याने तो फक्त खोलीचे दार लावून घेण्यास शिकतो.

खेळाची घडण समजल्याशिवाय भांडणाची घडण समजत नाही. बीजीएमआय किंवा फ्री फायर यांसारख्या खेळांत अनेक खेळाडू एका नकाशावर उतरतात, खेळण्याची जागा मिनिटामिनिटाला आकसत जाते (मुले तिला ‘झोन’ म्हणतात) आणि शेवटी टिकतो तो जिंकतो. बहुधा चौघांचा एक गट असतो, त्याला ‘स्क्वॉड’ म्हणतात. हा सामना मध्येच थांबवून ठेवता येत नाही. आईने ‘जेवाले ये’ म्हणून तिसरी हाक मारावी, आतून ‘दोन मिनिटं’ एवढेच उत्तर यावे, आणि बापाने उठून हातातला मोबाइल ओढून घ्यावा, तेव्हा मोठ्यांच्या लेखी एक खेळ बंद झालेला असतो. मुलाच्या लेखी मात्र त्याने तीन मित्रांना ऐन वेळी सोडलेले असते, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत त्याचा जाब त्यालाच द्यावा लागतो. याखेरीज रोज हजेरी लावल्याची बक्षिसे, उतरू न देण्याजोगी ‘रँक’ आणि कधी काय निघेल याचा नेम नसलेल्या पेट्या असतात. अनिश्चित बक्षीस निश्चित बक्षिसापेक्षा सवय अधिक घट्ट करते, हे वर्तनशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखवले होते, आणि या पेट्या त्याच तत्त्वावर चालतात. त्यामुळे केवळ मुलाच्या इच्छाशक्तीला दोष देणे अन्यायाचे आहे.

घरातील नात्यांचा याच्याशी काय संबंध, याचा आढावा श्नायडर, किंग आणि डेल्फाब्रो या संशोधकांनी 2017 मध्ये घेतला. त्यांनी तपासलेल्या 14 अभ्यासांपैकी बहुतेकांत आईवडिलांशी नाते जितके दुरावलेले, तितकी खेळाची समस्या तीव्र, असे आढळले, आणि वडील-मुलाचे नाते चांगले असल्यास ते संरक्षक ठरू शकते, असे प्राथमिक संकेतही मिळाले. अर्थात दुराव्यामुळे खेळ वाढतो की खेळामुळे दुरावा, हे अशा तुलनेतून ठरत नाही. बहुधा दोन्ही एकमेकांना ओढतात. पण बापाचा उल्लेख वेगळा आला, हे चिरंजीवाने दोनदा वाचावे, कारण लाखनीच्या घरातून आलेल्या सगळ्या तक्रारींत बाप फक्त मोबाइल काढून घेताना दिसतो.

धानाच्या मुलखातील घराची एक विशेष गोष्ट इथे लक्षात घेण्याजोगी आहे. रोवण्याच्या दिवसांत आईवडील दोघेही सकाळपासून बांधीत असतात, घरी मुलगा आणि मोबाइल उरतो. आणि तो मोबाइल मुळात 2020 मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा अभ्यासासाठी म्हणून मोठ्यांनीच आणून दिलेला असतो. त्याच मोबाइलवर ई-पीक पाहणीचा फोटो चढवायला, धानाचा चुकारा खात्यात आला का ते पाहायला आणि दुकानदाराला पैसे पाठवायला बापाला पोराचाच हात लागतो. म्हणजे एका बाजूने तो घराचा कारकून असतो आणि दुसऱ्या बाजूने घराचा गुन्हेगार. कारकुनीबद्दल कोणी शाबासकी देत नाही, गुन्ह्याची आठवण मात्र रोज निघते. पैसे पाठवण्याचा पिन त्याला ठाऊक असतो, ही यातली धोक्याची बाजू. 22 ऑगस्ट 2025 रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेला ऑनलाइन खेळांविषयीचा केंद्रीय कायदा पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर बंदी आणतो. परंतु खेळातील पोशाख वा बंदुकीचे रंग घेण्यासाठी लागणारे ‘डायमंड’ विकत घेणे ही काही पैज नव्हे, तेव्हा तिथे कायद्यापेक्षा पिन बदलणेच कामी येईल. (मोठ्यांनी फार ताठ मानेने बोलू नये. जुलै 2025 मध्ये राज्याचे तत्कालीन कृषिमंत्री विधान परिषदेत मोबाइलवर रमी खेळत असल्याचा आरोप झाला, त्यांनी तो नाकारला, आणि त्याच महिनाअखेर त्यांच्याकडे कृषीऐवजी खाते आले ते क्रीडा खाते.)

गावांनी केलेले दोन उपाय शेजारी ठेवून पाहावेत. यवतमाळ जिल्ह्यातील पुसद तालुक्यात बान्सी ग्रामपंचायतीने नोव्हेंबर 2022 मध्ये अठरा वर्षांखालील मुलांच्या मोबाइलवापरावर बंदीचा ठराव केला. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे त्याच वर्षी ऑगस्टपासून संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजू लागला, आणि दीड तास घरोघरी टीव्ही व मोबाइल बंद ठेवून मुलांनी अभ्यास करावा, मोठ्यांनी वाचावे-बोलावे असे ठरले. पहिला नियम केवळ मुलांसाठी आहे, दुसरा घरातल्या प्रत्येकासाठी. घरापुरता दुसराच घ्यावा. बापाने अंगणात खाटेवर पडून रील पाहत मुलाला ‘ठेव तो मोबाइल’ म्हणणे कोणत्याही गावात चालत नाही.

चिरंजीवाने प्रत्यक्षात करावे ते इतकेच. एका संध्याकाळी मुलाशेजारी बसून पूर्ण सामना पाहावा, झोन, रँक, स्क्वॉड काय ते त्याच्याकडून समजून घ्यावे, आणि त्या दिवशी एकही उपदेश करू नये. त्यानंतर ‘इतकी मिनिटे’ असे न ठरवता ‘इतके सामने’ असे ठरवावे, म्हणजे जेवणाची वेळ सामन्याच्या मध्यात येणार नाही आणि मित्रांना सोडल्याचा बोलही त्याला लागणार नाही. रात्री सगळ्यांचे मोबाइल, स्वतःचाही, एकाच जागी चार्जिंगला लावावेत. मुलगा पैसे चोरू लागला, शाळा सोडू लागला, मारहाणीवर आला किंवा जगण्याचा कंटाळा आल्याचे बोलला, तर मात्र यातले काहीही करत बसू नये; ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य सेवेला 14416 या क्रमांकावर त्याच दिवशी फोन लावावा आणि डॉक्टरांकडे न्यावे. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी 2014 पासून स्वतंत्र उपचारकेंद्र चालते, यावरून या त्रासाने डॉक्टरांकडे जाण्यात लाजण्यासारखे काही नाही, हे सूनबाईंनाही सांगावे.

दिवाळीनंतर मंडईच्या दिवसांत लाखनीस येणे होईलच. मामाआजोबांना तो खेळ शिकायचा आहे आणि शिकवणी नातवालाच घ्यावी लागेल, हे त्याला आधीच कळवून ठेवावे.

मामांचे सर्वांस आशीर्वाद